बॉनेटपलीकडचा आवाज

१

बुधवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी भोंगा शेवटची रडली.

भोंगा म्हणजे गॅरेजवाल्या मिस्त्रीची अकरा महिन्यांची मुलगी. तिचं खरं नाव वेगळं होतं, चांगलं होतं. पण ती एकदा रडायला लागली की रस्त्यापलीकडचा पंक्चरवाला हातातली ट्यूब टाकून कानात बोटं घालायचा, आणि त्यानेच हे नाव ठेवलं. "मिस्त्री, गाड्यांचे हॉर्न कसले दुरुस्त करता, घरात एवढा मोठा आहे तो आधी बंद करा," असं तो म्हणायचा. पुढेपुढे आईसुद्धा लाडाने तेच म्हणायला लागली.

वेळ इतकी नेमकी कशी, असं कोणी विचारेल. तर ही आई होती काळजीखोर. लेकरू झोपलं की श्वास चालू आहे ना म्हणून नाकाखाली बोट धरायची, आणि त्याने लेकरू जागं झालं की स्वतःवरच चिडायची. दूध किती वाजता प्यायली, औषधाचे थेंब किती वाजता दिले, शिंक किती वाजता आली, सगळं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहायची. सासूबाई म्हणायच्या, "आम्ही पाच वाढवली, एकाचीही शिंक लिहिली नाही." तरी हिची सवय सुटली नाही. त्या दिवशी तिने लिहिलं, ९.४०, थेंब. थेंब कडू लागले म्हणून भोंगाने असा काही सूर लावला की पत्रे थरथरले. आणि तेवढ्यात बाहेरून नवऱ्याची हाक आली, "अगं, ये जरा. किल्ली फिरवायची आहे."

तिने लेकरू सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि पडदा बाजूला करून गेली.

२

घर आणि गॅरेज ह्यांच्यामध्ये एक पत्र्याची भिंत होती आणि दाराच्या जागी हा पडदा. अलीकडे दुधाचा वास, पलीकडे ऑइलचा. मिस्त्री एकटाच काम करायचा, म्हणून गाडीत बसून किल्ली फिरवायचं काम बायकोकडे. लग्न झाल्यापासून तिने शेकड्यांनी गाड्यांच्या किल्ल्या फिरवल्या होत्या, पण एकही गाडी वीतभर पुढे नेली नव्हती. पंक्चरवाला म्हणायचा, "वहिनींएवढं गाडीत कोणी बसलं नसेल, आणि वहिनींइतकं कमी कोणी हिंडलं नसेल."

कामाची रीत ठरलेली होती. तो पुढे बॉनेट उघडून वाकलेला, ती आत सीटवर. बॉनेट वर असलं की काचेतून समोरचं काही दिसत नाही. खाली बोटभर फट राहते, तिच्यातून त्याच्या शर्टाचं एखादं बटण दिसलं तर दिसलं. म्हणून सगळा कारभार कानावर. तो "फिरव" म्हणाला की फिरवायची, "सोड" म्हणाला की सोडायची. मध्ये बोलायचं नाही, कशाला म्हणून विचारायचं नाही, कारण त्याची बोटं फिरत्या पट्ट्याजवळ असतात. एवढ्या वर्षांत ह्यात कधी चूक झाली नव्हती. नवरा-बायकोचं इतर बाबतीत पटो न पटो, ह्या दोन शब्दांवर त्यांचं पक्कं होतं.

त्या दिवशी समोर उभी होती ती राखाडी गाडी सकाळी नऊला एका टेम्पोमागे दोरीने बांधून आणली होती. जुनी, पण धुऊनपुसून ठेवलेली. मालक पन्नाशीचा, इस्त्रीचे कपडे, आवाज इतका हळू की मिस्त्रीला दोनदा विचारावं लागलं.

"सेल्फ फिरतो. पण चालू होत नाही."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"आधी कोणी बघितली?"

"पुष्कळांनी."

"बसून एकदा फिरवून दाखवा बरं."

माणूस एक पाऊल मागे झाला. किल्ली त्याने उघड्या तळहातावर पुढे धरली. "नको. तुम्हीच फिरवा." मग जायला वळला आणि थांबला. "तुमच्याकडे किल्ली कोण फिरवतं?"

मिस्त्री हसला. "आमच्या घरचे साहेब. मंडळी."

माणसाने मान हलवली आणि टेम्पोत जाऊन बसला. मिस्त्रीने हे बायकोला गंमत म्हणून सांगितलं. तिलाही तेव्हा गंमतच वाटली.

३

पहिल्यांदा फिरवली तेव्हा सगळं नेहमीसारखं होतं. घर्र-घर्र-घर्र-घर्र. इंजिन फिरत होतं, चांगलं जोमाने फिरत होतं, पण लागत नव्हतं.

"सोड."

मिस्त्रीचं गणित सोपं होतं. इंजिनाला पेट्रोल पाहिजे, करंट पाहिजे, हवा पाहिजे. तिन्ही असतील तर ते चालू व्हायलाच पाहिजे. होत नसेल तर तिघांतलं एक कोणीतरी खोटं बोलतंय. त्याने तिला किल्ली अर्धीच फिरवायला सांगितली आणि मागच्या सीटला कान लावला. टाकीतला पंप दोन सेकंद गुणगुणला आणि थांबला. पेट्रोल येतंय. मग एक प्लग काढून त्याने वायरीसकट इंजिनाला टेकवला. "फिरव." निळी ठिणगी उडाली असणार, कारण तो म्हणाला, "करंट आहे. सोड."

मग थोडा वेळ पाने वाजले. चारी प्लग निघाले, ते तिला आवाजावरून कळलं. ती सीटवर बसून राहिली. पडद्याआडून भोंगाचं रडणं येत होतं, आणि सासूबाईंचं "अगं हो गं, हो गं माझे बाई." तिला वाटत होतं, लवकर आटपावं आणि जाऊन घ्यावं.

"फिरव."

तिने फिरवली.

आता गॅरेजवाल्याच्या बायकोला एक गोष्ट कळते, ती दुसऱ्या कोणाला कळणार नाही. प्लग काढलेलं इंजिन पोकळ असतं. आतली हवा भोकांतून निघून जाते, म्हणून ते हलकं फिरतं, फटफटफटफट, उघड्या बाटलीसारखं. तिने ते कितीदा ऐकलं होतं. पण ह्या वेळी आवाज जड आला. घर्र… घर्र… घर्र… जसं आत काहीतरी दाबलं जातंय आणि त्याला बाहेर पडायला जागा नाही. सीटखालून तो हादरा तिच्या कमरेत आला. ती "सोड"ची वाट बघत राहिली. "सोड" आलंच नाही. मनातल्या मनात दहा मोजून तिने आपणच हात काढला.

गॅरेज एकदम शांत झालं. भोंगाही गप्प झाली होती. तिला आधी बरंच वाटलं.

मागच्या दारातून नवरा पळत आला. एका हातात चारी प्लग, दुसऱ्यात तारेचा ब्रश.

"कोणी फिरवायला सांगितलं?"

"तुम्हीच की."

"मी मागे आहे अंगणात, प्लग घासतोय. माझी बोटं असती ना तिथे, आत्ता तुला मोजून घ्यावी लागली असती."

"फिरव म्हणालात तुम्ही. मी काय बहिरी आहे?"

"बहिरी नाहीस, झोप नाही तुला. रात्रभर पोरीच्या नाकाखाली बोट धरून बसतेस. कान वाजणार नाहीत तर काय." मग तिचा चेहरा बघून तो नरमला. "जा, जरा पड जाऊन."

ती खाली उतरली. कान वाजले असतील, असं तिने स्वतःला समजावलं. रिकामं इंजिन जड कसं फिरलं, हे मात्र तिने त्याला विचारलं नाही. विचारायचं राहूनच गेलं.

४

पडद्याच्या अलीकडे सासूबाई भोंगाला खांद्यावर घेऊन उभ्या होत्या.

"अगं, हिला बघ. ठसका लागला की काय? रडत होती चांगली, आणि मध्येच आवाज गेला."

भोंगाचं रडणं थांबलं नव्हतं. तोंड उघडं होतं, चेहरा लालबुंद, गालांवरून पाणी वाहत होतं. छाती भरून वर यायची आणि आत चार धक्के बसायचे, एक, दोन, तीन, चार, की आता फुटेल रडू, आता फुटेल. आणि काहीच यायचं नाही. परत छाती भरायची. परत चार धक्के.

आईने तिला उलटं धरलं, पाठीवर थापट्या दिल्या, घशात बोट घातलं. घशात काही नव्हतं. श्वास मोकळा होता. बोट बाहेर काढताना भोंगाने ते चावलं, म्हणजे जीवही शाबूत होता. फक्त आवाज नव्हता.

तासाभरात ते दवाखान्यात होते. डॉक्टरीणबाई शांत होत्या, हात गरम करून मग लेकराला लावणाऱ्यातल्या. त्यांनी घसा बघितला, छाती ऐकली, कान तपासले, आरसा घालून आत बघितलं.

"घसा ठीक आहे. फुप्फुसं ठीक आहेत. स्वरयंत्र हलतंय. सगळं जागच्या जागी आहे."

"मग आवाज का नाही?"

"यायला पाहिजे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि परत एकदा बघितलं. "यायलाच पाहिजे."

घरी आल्यावर तिने कॅलेंडर उलटलं. पुढे काय लिहावं ते सुचेना. शेवटची ओळ तीच राहिली, ९.४०, थेंब.

५

बुधवार गेला, गुरुवार गेला. मिस्त्री राखाडी गाडीच्या मागे हात धुऊन लागला होता. पेट्रोलचा फिल्टर बदलला. हवेची जाळी काढून झटकली. आतला दाब मोजला, चारी सिलिंडरला सारखा. टायमिंगचा पट्टा खूण धरून तपासला. वायरी एक-एक करून दुसऱ्या गाडीच्या लावून पाहिल्या. आता तो तिला बसवत नव्हता, दोन वायरी एकमेकींना लावून पुढूनच सेल्फ फिरवत होता.

पंक्चरवाला येऊन उभा राहायचा. "मिस्त्री, तिला विचारून तरी बघा, तुझं काय दुखतंय."

"सगळं ठीक आहे," मिस्त्री म्हणायचा. घाम पुसायचा. "चालू व्हायला पाहिजे. व्हायलाच पाहिजे."

पडद्याआड ती लेकराला पाजत बसलेली असायची. हे वाक्य कुठे ऐकलं, ते तिला आठवावं लागलं नाही.

आणि दुसरंही एक होतं. बाहेर सेल्फ फिरायचा तेव्हा भोंगा दूध सोडायची. मान पडद्याकडे वळवायची आणि तोंड उघडायची. बाहेर घर्र-घर्र-घर्र-घर्र. मांडीवर चार धक्के. बाहेर थांबलं की ही थांबायची. पहिल्यांदा आईला वाटलं, आवाजाने दचकत असेल. मग तिने लक्ष ठेवलं. दहा वेळा फिरवला असेल सेल्फ, दहाही वेळा तेच. पण भीतीने माणसाला काय वाटेल ह्याचा नेम नसतो, हेही तिला कळत होतं. सातवी शिकलेली होती ती, अगदीच अडाणी नव्हती.

गुरुवारी जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं.

तो घास हातात धरून बसला. "गाडीचा आणि लेकराचा काय संबंध?"

"मला काय माहीत. पण तुम्ही ती चालू करा. ती चालू झाली तर हिचंही—"

"हे बघ, असलं बोलू नकोस. मला आधीच काही सुचत नाही." त्याने घास ताटात ठेवला. "आजवर दारातून एक गाडी परत गेली नाही माझ्या."

"अहो, मी गाडीचं नाही बोलत."

"मीही गाडीचं नाही बोलत," तो म्हणाला.

सासूबाई उठून पाळण्याला झोका द्यायला लागल्या, पाळणा रिकामा असून.

६

शुक्रवारी दुपारी तो मोठ्या हॉस्पिटलमध्ये भोंगाचा तपासणीचा कागद आणायला गेला. जाताना गाडीचं बॉनेट लावून गेला. किमान तिला तरी तसं आठवत होतं. किल्ली त्याने खिळ्याला अडकवली होती.

बाहेर लख्ख ऊन. पंक्चरवाल्याच्या पंपाचा आवाज रस्त्यावरून येत होता. सासूबाई भोंगाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकल्या होत्या, दोघींचे डोळे मिटायला आले होते. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"फिरव."

घाई नाही, ओरडणं नाही. काम करताना तोंडात खिळा धरून बोलावं तसं. नवऱ्याचाच आवाज.

तिने घडी तशीच धरून ठेवली. तो जाऊन अर्धा तास झाला होता. इतक्यात परत येणं शक्य नव्हतं. पंक्चरवाल्याने चेष्टा केली असेल? पण त्याचा पंप तर चालूच होता. शेजारी कोणाचा रेडिओ? तिने एकेक गोष्ट मिस्त्रीसारखी तपासून बाजूला ठेवली. शेवटी हातात काही उरलं नाही.

पडदा सारून ती गेली. गॅरेजचं शटर अर्धं वर होतं, खालून उन्हाची एक पट्टी आत आली होती. राखाडी गाडीचं बॉनेट उघडं होतं. समोर कोणी नव्हतं. ती सगळीकडे फिरून बघून आली, टेबलाखालीसुद्धा. कोणी नव्हतं.

तेव्हाच घरात जाऊन कडी लावायला हवी होती. पण घराला कडी नव्हती, पडदा होता. आणि तिच्या डोक्यात तीन दिवस एकच गोष्ट फिरत होती. ज्या फिरवण्याने आवाज गेला, त्याच फिरवण्याने परत आला तर? तिचे पाय खिळ्याकडे गेले. किल्ली गरम होती. ऊन तिथवर पोहोचत नव्हतं, तरी गरम होती.

ती सीटवर बसली. दार ओढून घेतलं नाही, एक पाय बाहेरच ठेवला.

"फिरव," बॉनेटपलीकडून आवाज आला.

तिने फिरवली.

घर्र… घर्र… घर्र… घर्र… जड. काचेत फक्त बॉनेटचा राखाडी पत्रा. तिने खालच्या फटीतून बघितलं. फटीत चार बोटं होती, काळी, ऑइल लागलेली, नखं मिस्त्रीसारखीच आखूड. बॉनेटच्या कडेला धरलेली. बाहेर उभ्या माणसाची बोटं धरताना आत वळतात. ही बाहेर वळली होती. जो कोणी धरून होता, तो आतल्या बाजूने धरून होता, इंजिन आहे तिथून, जिथे माणसाला हात घालायलाही जागा नसते.

तिने किल्ली सोडली नाही. कोणत्याही शहाण्या बाईने सोडली असती. पण तिने दात आवळले आणि धरून ठेवली. दहा झाले, पंधरा झाले. जळका वास आला. आणि गाडी लागली.

दीड श्वास. तेवढाच वेळ. इंजिनाने पकडलं, सगळी गाडी अंग झटकल्यासारखी उठली, आणि त्या दीड श्वासात भोंगा रडली. तिचंच रडणं, भुकेचं, मधूनच चिरकणारं, पत्रे थरथरवणारं. लाख लेकरांत आईने ओळखावं असं.

मग सगळं बंद पडलं. फटीत उजेड होता. बोटं नव्हती.

७

ती पडदा अंगावर घेऊनच आत घुसली. "आला का? हिचा आवाज आला ना?"

सासूबाई भिंतीला पाठ चिकटवून बसल्या होत्या. भोंगा त्यांच्या खांद्याशी, डोळे सताड उघडे, नजर पडद्यावर.

"कुठला आवाज?" सासूबाई हळूच म्हणाल्या. "ही तर गपच आहे. तोंड मिटून होती माझ्याजवळ."

"रडली ती. मी ऐकलं."

"मीही ऐकलं गं पोरी. पण ते इथून नाही आलं. तिकडून आलं, गाडीतून."

ती परत गेली. परत बसली. फिरवत राहिली. आता "फिरव" कोणी म्हणत नव्हतं, म्हणायची गरजही नव्हती. सेल्फ हळूहळू दमत गेला, मग नुसता टक करायला लागला, मग तेही नाही. नवरा आला तेव्हा ती मेलेल्या बॅटरीवर किल्ली फिरवत बसली होती. त्याच्या हातात कागद होता. कागदात लिहिलं होतं, सर्व ठीक.

"बॅटरी चार्जिंगला लावा," ती म्हणाली. "ती आत आहे. तिचा आवाज आत आहे."

त्याने तिला काही विचारलं नाही. कदाचित जळका वास आल्यामुळे असेल, कदाचित तिच्या तोंडाकडे बघून. बॅटरी काढायला म्हणून पुढे गेला, इंजिनावर वाकला. मग विजेरी आणली आणि आणखी खाली, अगदी आत डोकं घालून बघितलं. बराच वेळ बघितलं. विजेरी त्याने तशीच आत ठेवून दिली आणि मागे सरकला.

"काय आहे?"

"काही नाही."

"मग विजेरी काढा ना."

"राहू दे ती तिथेच."

नळावर जाऊन त्याने हात धुतले. साबण लावून धुतले, परत लावून परत धुतले. कातडी लाल झाली तरी धूत राहिला. मग मालकाला फोन केला. "गाडी घेऊन जा. आजच जमलं तर आजच." त्या दिवशी पाचलाही तिने विचारलं, सहालाही विचारलं, काय दिसलं तुम्हाला. आजतागायत विचारते आहे. तो उठून जातो.

८

मालक शनिवारी सकाळी आला, तोच टेम्पो, तीच दोरी. त्याला राग आला नव्हता, नवलही वाटलं नव्हतं. खाली बसून गाठ मारायला लागला.

मिस्त्री पाठ फिरवून उभा होता. तीच पुढे झाली, भोंगाला कडेवर घेऊन.

"काल लागली होती," ती म्हणाली. "क्षणभर."

माणसाचे हात थांबले. त्याने वर बघितलं, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज नीट ऐकू आला.

"लागली? काय ऐकू आलं?"

"रडणं."

"बाईचं?" तो उठून उभा राहिला. "बाईचं होतं का? की हाक मारल्यासारखं काही? नीट आठवा, ताई. पुरुषाचं नाव घेऊन कोणी हाक मारली का?"

"नाही. लहान लेकराचं. हिचं."

त्याने भोंगाकडे बघितलं. भोंगाने तोंड उघडलं होतं. तो मान खाली घालून पुन्हा गाठीकडे वळला.

"अच्छा," तो म्हणाला. नुसतं अच्छा. जसं दुकानदाराने आपल्याला हवी ती वस्तू संपली म्हणून सांगावं.

"गाडी ठेवून जा," ती म्हणाली. "आम्ही करू. ह्यांना सगळं येतं. दिवस लागतील, पण करतील. नाहीतर मी फिरवीन, मी रोज फिरवीन."

"नाही ठेवता येत, ताई."

"का नाही येत?"

"एका हाताला दोनदा लागत नाही. मी फिरवून बघितली आहे." त्याने दोरी ओढून बघितली, घट्ट बसली होती. "दोन वर्षं फिरवली. आता दुसऱ्यांना सांगत हिंडतो."

ती गाडीच्या दाराला धरायला गेली. नवऱ्याने तिचा दंड पकडला. इतक्या जोरात त्याने तिला कधीच धरलं नव्हतं. टेम्पो निघाला, दोरी ताणली, राखाडी गाडी हळूच हलली आणि उन्हात गेली. इंजिन बंद, किल्ली काढलेली. तरी वळणावर जाईपर्यंत आतून घर्र-घर्र येत राहिलं. टेम्पोचंच असेल. कडेवर भोंगाला चार धक्के बसत होते.

९

भोंगा आता दोन वर्षांची होत आली. चालते, पळते, डबे उपडे करते. हसली की खांदे हलतात. पडली, चटका बसला, दारात बोट अडकलं, तरी कळायला मार्ग नाही. तिचं रडणं बघावं लागतं. म्हणून आई तिच्याकडे पाठ करत नाही. भांडी घासायला बसली तरी तोंड तिच्याकडे, डोळा लागला तरी हात तिच्या छातीवर. डॉक्टरीणबाई अजून म्हणतात, सगळं ठीक आहे. हल्ली "यायला पाहिजे" म्हणत नाहीत.

मिस्त्रीने ओळखीच्या सगळ्या गॅरेजवाल्यांना निरोप दिला आहे. राखाडी गाडी, जुनी पण स्वच्छ, दोरीला बांधून आणलेली, सेल्फ फिरतो पण चालू होत नाही, मालक स्वतः किल्ली फिरवत नाही. अशी दारात आली तर आत घेऊ नका. आणि कोणत्याही गाडीत बसलात तरी समोर कोण उभं आहे ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय, नुसत्या आवाजावर, किल्ली फिरवू नका. त्याचा निरोप एवढाच.

तिचा निरोप वेगळा आहे, आणि तो ती नवऱ्याच्या माघारी सांगते, समोर हवा भरायला थांबलेल्यांना, टेम्पोवाल्यांना, कोणालाही. ती गाडी परत पाठवाल तेव्हा कोणत्या रस्त्याने गेली तेवढं बघून ठेवा. समोर भेटेल त्याला सांगा, आणि त्याला म्हणावं, तूही पुढे सांग. आणि हे कानावर यायच्या आधीच कोणी फिरवली असेल, आणि ती क्षणभर लागली असेल, तर काय ऐकू आलं ते कळवा. बाईची हाक असेल तर त्या गाडीच्या मालकाला कळवा. अकरा महिन्यांच्या मुलीचं भुकेचं रडणं असेल, तर इथे कळवा.